मांजराच्या मिशा, बोटांचे ठसे आणि टोमॅटो पिचवणारा रोबो

स्पॅनर_१३

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली कारण घरातले टोमॅटो संपलेत.

झालं असं की धाकट्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि त्याला "वस्तू उचलणारा हात" करायचाय. मी चाकणला ऑटोमेशनमधे, रोज रोबोंशीच गाठ, म्हटलं दोन रविवारचं काम. थ्रीडी प्रिंटरवर दोन बोटं काढली, एक सर्वो मोटर, एक आर्डुइनो (मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), आणि बोटाच्या आतल्या बाजूला दाब मोजणारी चकती चिकटवली (एफएसआर म्हणतात तिला, दाबलं की रेझिस्टन्स उतरतो). हिशोब सरळ, दाब अमुक झाला की मोटर थांबव.

पहिला टोमॅटो मस्त उचलला. दुसरा जरा मोठा नि जड, तो सटकला. म्हणून दाब वाढवला तर तिसऱ्याचा थेट रस्सा. चौथा सटकला, पाचवा पिचला. बायको म्हणाली मी आता सार करायला घेते, तुमचं चालू द्या.

कंपनीत हा प्रश्न येतच नाही कारण तिथे पार्ट तोच, वजन तेच, जागा तीच, आवळायचं किती ते एकदा सेट केलं की वर्षभर बघायला नको. टोमॅटो मात्र प्रत्येक वेगळा. आणि डोकं खाजवता खाजवता लक्षात आलं की माझी चकती "किती दाबलंय" एवढंच सांगते, "सटकतंय" हे तिला कळतच नाही. रात्री जेवताना मुद्दाम लक्ष देऊन बघितलं, ओला स्टीलचा ग्लास उचलला, तो अर्धा होता का काठोकाठ मला माहीत नव्हतं, तरी बोटांनी आपलं आपण बरोबर आवळलं. मी काही ठरवलं नव्हतं. मग ठरवलं कोणी?

कोणी यातलं वाचलंय का? कातडी हे कसं करते, आणि रोबोवाल्यांनी त्यातलं काय काय उचललंय?

तांबडा_रस्सा

लै भारी. पण प्रदर्शन पोराचं हाय का तुमचं? :) आमच्या वेळी ज्वालामुखी करायचो, सोडा नि व्हिनेगर, पाच मिनिटात खेळ खल्लास, एक टोमॅटो वाया गेला न्हाई.

नाडी_परीक्षा

फिजिओलॉजी शिकवतो म्हणून राहवत नाही, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, कातडी म्हणजे एक सेन्सर नाही. एका हाताच्या तळव्याच्या बाजूला स्पर्शाच्या साधारण १७,००० नसा येतात, स्वीडनमधे योहान्सन आणि वाल्बो यांनी १९७९ साली हा अंदाज मांडला. त्यांचे चार प्रकार. मर्केल वाले सतत दाब नि कडा टिपतात, हे तुमच्या चकतीचे भाऊबंद. रुफिनी वाले कातडी ताणली की बोलतात. माइसनर वाले हलकी थरथर, बारीक सटक पकडतात. आणि पॅसिनी वाले खोलवर असतात, कांद्यासारखे पापुद्र्यांचे, जवळजवळ एक मिलिमीटर, ते साधारण २५० हर्ट्झच्या कंपनाला सगळ्यात जास्त जागे होतात. आता गंमत बघा, माइसनर आणि पॅसिनी हे स्थिर दाबाला जवळजवळ गप्पच बसतात. काही बदललं तरच ओरडतात. अंगातला शर्ट सकाळी घातल्यावर दोन मिनिटांत विसरतो ना आपण, थोडंसं तसंच.

तुमच्या ग्लासाचं उत्तरही योहान्सनकडेच आहे. त्याने आणि वेस्टलिंगने १९८४ साली दाखवलं की आपण वस्तू निसटण्यापुरती जी पकड लागते तिच्यापेक्षा फक्त थोडीशी जास्त पकड ठेवतो, आणि किंचित सटकली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड वाढते. हे "मी घट्ट धरतो" असं ठरवायच्या आधीच होऊन जातं.

त्याचा एक व्हिडिओ मी दर वर्षी वर्गात दाखवतो. एक बाई काडेपेटीतून काडी काढून पेटवते, काही सेकंदांत. मग तिच्या बोटांच्या टोकांना भूल देतात, बोटं हलतात व्यवस्थित, डोळ्यांना सगळं दिसतंय, ताकद तेवढीच, पण काडी हातातून पडते, उलटी धरली जाते, पुन्हा पडते... बघवत नाही. बघून पोरं एकदम शांत होतात.

कावेरी२

नाडी_परीक्षा, तुमचा काडेपेटीचा किस्सा वाचून गलबलून आलं. आमच्या आईला वीस वर्षं शुगर, तळपाय आणि आता बोटांची टोकं बधिर. ब्लाउजची हुकं लावताना आरशात बघून लावते, तरी चुकतात. चालताना एका पायातली चप्पल सुटून मागे राहते नि ही तशीच पुढे, शेजारच्या काकू ओरडून सांगतात. आम्ही आधी म्हणायचो अगं लक्ष कुठंय तुझं. लक्षाचा काही संबंधच नव्हता हे फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी रोज रात्री तळवे आरशात बघायला सांगितलेत, खडा टोचला तरी कळत नाही म्हणून.

तांत्रिक काही कळत नाही पण वाचतेय, लिहीत रहा.

स्पॅनर_१३

कावेरीताई, धन्यवाद लिहिल्याबद्दल. म्हणजे माझा रोबो आज तुमच्या आईच्या बोटांसारखा आहे असं म्हणायचं का. वाईट वाटलं लिहिताना.

नाडी_परीक्षा, तुम्ही तर माझी झोपच उडवली. बदललं तरच ओरडायचं! आम्ही कंपनीत सेन्सरचा सिग्नल फिल्टर लावून लावून गुळगुळीत करतो, जी थरथर कचरा म्हणून फेकतो तीच बातमी होती की काय.

ब्रिस्टलचा_पाऊस

इथे इंग्लंडात ब्रिस्टलला शिकायला आहे, विषय जवळचाच, त्यामुळे उडी मारतो.

आमच्या गावचा प्रसिद्ध सेन्सर म्हणजे टॅकटिप, २००९ पासूनचा. बोटाची कातडी आतून बघितली तर वरचा नि खालचा थर एकमेकांत उंचवटे घालून बसलेले असतात, आणि माइसनर, मर्केल त्या उंचवट्यांच्या आसपासच असतात. टॅकटिपमधे नेमकं तेच केलंय, रबरी टोपी, तिच्या आतल्या बाजूला बारीक बारीक खुंट्या, प्रत्येक खुंटीचं टोक पांढरं, आत मऊ जेल, आणि मागे एक साधा कॅमेरा. बाहेरून काही लागलं की खुंट्या कलतात, कॅमेरा ते बघतो, बस. कलण्यावरून कड कुठे, दाब किती, सटकतंय का, सगळं निघतं. साधा थ्रीडी प्रिंट होतो.

दुसरं घराणं एमआयटीचं जेलसाइट. तिथे पारदर्शक जेलवर चकाकत्या रंगाचा थर, बाजूंनी रंगीत एलईडी, मागे कॅमेरा. नाणं दाबलं तर नाण्यावरची अक्षरं स्क्रीनवर डोंगरदऱ्यांसारखी दिसतात. टेड एडल्सन हा मुळात डोळ्यांचा, दृष्टीचा अभ्यास करणारा माणूस, स्वतःची मुलं रांगत्या वयात हातांनी जग कसं चाचपतात ते बघून इकडे वळला असं तो सांगतो.

शंकासुर

सॉरी पण मला एक कळत नाही. कॅमेराच लावायचा तर स्पर्श कसला? ते बघणंच झालं. आणि निसर्गाची नक्कल करायचा अट्टाहास कशाला? विमान पंख फडफडवत नाही, गाडीला पाय नाहीत. केंब्रिजमधे २०२४ ला ब्रेल वाचणारा रोबो केला, मिनिटाला ३१५ शब्द, ८७ टक्के बरोबर, सराईत माणसाच्या साधारण दुप्पट वेग. त्यात ना पॅसिनी ना माइसनर, बाजारातला सेन्सर नि सॉफ्टवेअर. मग?

ब्रिस्टलचा_पाऊस

शंकासुर साहेब, कॅमेऱ्याचं पटतं अर्धं, आमच्या लॅबमधेही चहाच्या वेळी यावरून वाद होतात. पण कॅमेरा वस्तू बघत नाही, स्वतःचीच कातडी आतून बघतो, अंधारात, कपाटाच्या मागे, पिशवीत हात घातला तरी चालतं.

ब्रेलच्या उदाहरणात मात्र तुम्ही आमच्याच बाजूने बोललात :) आधीचे बरेच ब्रेल रोबो एक अक्षर दाबायचे, उचलायचे, पुढचं दाबायचे. केंब्रिजवाल्यांनी बोट ओळीवरून सरकवत नेलं, माणूस वाचतो तसं. सरकवल्यावर चित्र धूसर होतं, ते सॉफ्टवेअरनं साफ केलं. अवयवाची नक्कल नाही केली, सवयीची केली.

नाडी_परीक्षा

+१. डोळे मिटा, कोणालातरी कापडाचा तुकडा तुमच्या स्थिर बोटावर नुसता ठेवायला सांगा. सुती का टेरिकॉट, सांगता येणार नाही. आता बोट फिरवा. लगेच कळतं. लक्ष्मी रोडला साडी घेताना बायका पदर दोन बोटांत धरून चोळतात, दाबत नाहीत.

मनीमाऊ_वाली

विषय थोडा वळवते, शीर्षकात मांजराच्या मिशा आहेत पण अजून कोणी बोललं नाही! आमच्या मनीची एक मिशी सोफ्यावर पडलेली सापडली, ती दुखली असेल का? आणि लहानपणी भावाने एका बोक्याच्या मिशा कापल्या होत्या तर तो दोन दिवस भिंतींना धडकत होता, ते खरंच मिशांमुळे का?

निवृत्त_मास्तर

मिशी स्वतः मेलेली असते, आपल्या केसासारखी, तिच्यात नस नाही. गळली तर दुखत नाही, नवी येते. सगळी करामत मुळाशी, तिथे नसांचा दाट गुच्छ असतो, मिशी टोकाला किंचित वाकली तरी मुळाला कळतं. अंधारात काठी टेकवत चालणाऱ्या माणसाला काठीच्या टोकाशी दगड आहे की चिखल ते हातात कळतं ना, तसंच. कापू मात्र नये, बोक्याचा अंदाज खरोखर चुकतो.

उंदीर तर मिशा नुसत्या ठेवत नाही, सेकंदाला सात-आठ वेळा पुढे-मागे हलवत जातो. १९७० साली वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांना उंदराच्या मेंदूत पिंपांसारखे गोल गोल पुंजके सापडले, एका मिशीला एक पुंजका, मिशांच्या रांगा चेहऱ्यावर जशा तशाच मेंदूत. नववीच्या पोरांना हे फळ्यावर काढून दाखवलं की खूश व्हायची.

यावरून ब्रिस्टल आणि शेफील्डच्या मंडळींनी रोबो केले, एक स्क्रॅचबॉट, नंतर श्रूबॉट. दुसरा एट्रुस्कन श्रू नावाच्या प्राण्यावरून, वजन जेमतेम दोन ग्रॅम, मिशांच्या जोरावर अंधारात किडे मारतो. हा आपल्या घरातल्या चिचुंद्रीच्याच कुळातला, दोघींचं शास्त्रीय नाव सुंकसने सुरू होतं. आपण चिचुंद्रीला झाडूने हाणतो नि तिकडे तिच्या चुलत बहिणीवर रोबो निघतो, असो.

मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की मिशी एखाद्या वस्तूला लागली की उंदीर ती आणखी पुढे रेटत नाही. लागलेल्या बाजूची मिशी हलकेच आवरती घेतो आणि दुसऱ्या बाजूच्या मिशा पुढे आणतो. म्हणजे जास्तीत जास्त ठिकाणी शिवायचं पण कमीत कमी दाबायचं. स्क्रॅचबॉटला तसंच शिकवलं तेव्हा मिशांचे सिग्नल जास्त स्वच्छ आले.

तांबडा_रस्सा

मास्तर, म्हंजे लग्नात नवरीकडची माणसं बोलत्यात तसं, शिवायचं पण दाबायचं न्हाई :)

ब्रिस्टलचा_पाऊस

मिशांचं निघालंच आहे तर सीलबद्दल सांगून टाकतो. जर्मनीत डेनहार्टच्या गटाने २००१ साली डोळे बांधलेल्या सीलला एका छोट्या पाणबुडीच्या मागावर सोडलं, कानही बंद केले होते, तरी पाण्यात उठलेल्या खळबळीवरून सील वळणं घेत मागोमाग गेला. प्रश्न असा की सील स्वतः पोहताना मिशा पाण्यात थरथरायला हव्यात, मग बाहेरची खळबळ कळते कशी? तर त्याच्या मिशीची जाडी लाटेसारखी कमी-जास्त होत जाते, त्यामुळे स्वतःच्या वेगाची थरथर जवळजवळ उठतच नाही. स्वतःचा आवाज आधीच बंद. अशा आकाराच्या नकली मिश्या पाण्यातल्या रोबोंसाठी करून बघितल्यात लोकांनी.

हापूस_देवगड

मी आंब्याचा माणूस. टोमॅटोचं माहीत नाही पण पिकलेला हापूस ओळखायला आंगठ्याने दाबणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही हात लावू देत नाही. दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग. आढी उघडल्यावर आमची आजी आंबा नुसता तळव्यावर घ्यायची, बोटं हलकेच मिटायची आणि बाजूला ठेवायची, हा आज, हा परवा. वास घेतेय असं वाटायचं पण नंतर नाक चोंदलेलं असताना पण तिने तसंच निवडलं. मशीन करेल काय हो हे?

नाडी_परीक्षा

आजीबाईंच्या तळव्याला नमस्कार. यात एक गोष्ट अशी की मऊ वस्तू बोटाभोवती पसरते. दाब तेवढाच, पण कडक कैरीला बोट टेकतं तेवढ्याच जागी टेकलेलं राहतं, पिकल्याला टेकलेली जागा पटपट वाढत जाते. बोटाला नुसता दाब नाही, ते पसरणं कळतं. त्यासाठी फार दाबावंही लागत नाही. एमआयटीत २०१७ साली जेलसाइटवर याच वाटेने वस्तूचा कडकपणा ओळखून दाखवलाय, वस्तूचा आकार कसाही असो. हापूसवर कोणी केलं तर देवगडला नक्की या म्हणावं.

शंकासुर

ठीक, थोडा मऊ झालो (आढीतल्यासारखा). पण बोटांच्या ठशांबद्दल सगळीकडे ठोकून देतात की पकड घट्ट व्हावी म्हणून ठसे असतात, टायरच्या नक्षीसारखे. मँचेस्टरच्या रोलंड एनोस यांनी २००९ ला मोजलं तर गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर ठशांमुळे टेकणारी जागा उलट कमी होते. मग ठसे कशाला?

नाडी_परीक्षा

चांगला प्रश्न. त्याच वर्षी पॅरिसला एक प्रयोग झाला. सेन्सरवर एकदा गुळगुळीत टोपी, एकदा रेघांची टोपी घालून खरखरीत पृष्ठभागावर फिरवली. रेघांच्या टोपीखाली ठरावीक कंपन कितीतरी पट मोठं झालं. आता गणित करा, ठशांच्या रेघांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर, आपण काही चाचपताना बोट सेकंदाला दहा-पंधरा सेंटिमीटर फिरवतो, म्हणजे २०० ते ३०० हर्ट्झ. पॅसिनीचं आवडतं कंपन कोणतं सांगितलं होतं मी?

शंकासुर

२५०. बरं बरं. पण ठसे गोल गोल वळतात, सगळ्या रेघा एका दिशेला थोड्याच असतात, त्यामुळे एवढ्यावर प्रश्न मिटला असं मी मानत नाही. नोंद करून ठेवा.

नाडी_परीक्षा

नोंद केली. मलाही पूर्ण मिटला असं वाटत नाही.

स्पॅनर_१३

धागा वर काढतोय, तीन आठवड्यांनी.

ठशांचं वाचलं आणि त्याच शनिवारी पासोड्या विठोबाला (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गेलो, बझरमधे असते ती पितळी पिझो चकती घेतली, १०-१५ रुपयाची. वाकली, थरथरली की व्होल्टेज देते आणि स्थिर दाबाला थोड्या वेळात गप्प. म्हणजे तुमचा पॅसिनीच की. आता रेघांची टोपी कुठून आणायची? दोन दिवस रबर शीटवर ब्लेडने रेघा मारत बसलो, फाटलं. मग बँकेत पासबुक भरायला गेलो तर समोर कॅशियर नोटा मोजतोय, बोटात ती दाण्यादाण्यांची रबरी टोपी!! स्टेशनरीच्या दुकानात लगेच मिळाली. पिझो बोटावर चिकटवली, वरून टोपी चढवली, चकतीला एक मेगाओहमचा रेझिस्टर, झालं.

दाणे मोठे आहेत त्यामुळे नाडी_परीक्षांच्या गणितासारखी गुणगुण येत नाही, टक टक येते. पण मला टक टक पुरे. जुनी दाबाची चकती पण ठेवलीय, ती म्हणते टेकलं, मग मोटर अगदी थोडं आवळते, उचलायला लागायचं, टक आलं की एक पायरी जास्त आवळायचं, पुन्हा टक आलं की अजून एक. बाकी काही सेट केलेलं नाही. टोमॅटो, लिंबू, उकडलेलं अंडं, पिंगपाँगचा बॉल, सगळं उचललं. काल रात्री अकरा वाजता आम्ही दोघं बापलेक घरभर ओरडत होतो.

अडचण एकच आली आणि ती भारी होती. मोटर हलली की तिचीच थरथर चकतीला ऐकू जाते, रोबोला वाटतं सटकलं, म्हणून अजून आवळतो, त्याने अजून थरथर, म्हणून अजून... आठवा टोमॅटो शहीद. मग प्रोग्रॅममधे टाकलं की मोटर चालू असताना आणि बंद झाल्यावर एक क्षणभर चकतीकडे लक्षच द्यायचं नाही, थांबल्यावर ऐकायचं. ते सीलच्या मिशांचं वाचलं होतं म्हणून सुचलं, खरंच.

नाडी_परीक्षा

वा! तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. शरीरही हेच करतं, स्वतःच्या हालचालीतून येणारा स्पर्श मेंदू आधीच वजा करतो. म्हणून स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, लंडनमधे १९९८ साली ब्लेकमोर, वोल्पर्ट, फ्रिथ यांनी मेंदूचे स्कॅन काढून त्यावर काम केलंय. तुमच्या रोबोला आधी स्वतःच्याच गुदगुल्या होत होत्या.

आणि एक योगायोग. आपल्या नसांमधे दाब लागला की उघडणारं जे दार आहे त्याचं नाव पिझो-२. पाटापूटियन यांच्या लॅबने २०१० ला पिझो-१ आणि पिझो-२ शोधले, २०२१ च्या नोबेलमधे त्यांचा वाटा. ग्रीकमधल्या "दाबणे" वरून नाव, तुमच्या बझरच्या चकतीचंही तेच.

मनीमाऊ_वाली

अंडं न उकडता उचलून दाखवा की!

स्पॅनर_१३

कच्चं पण उचललं, बायकोच्या देखरेखीखाली आणि खाली पातेलं ठेवून.

प्रदर्शनाला मुलाने स्वतः समजावून सांगितलं, परीक्षक बाईंनी विचारलं हे बोट कुठून आणलं तर म्हणाला "बँकेतून". नंबर दुसरा आला, पहिला ज्वालामुखीला.

तांबडा_रस्सा

सांगितलं व्हतं!!

स्पॅनर_१३

रस्सा भाऊ, मान्य :) आता एकच राहिलंय, ओला ग्लास. ओल्यावर रबर टक टक करतच नाही, गुपचूप सरकतो आणि ठण्ण. यावर काही?

निवृत्त_मास्तर

पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या पडतात ना, त्या नुसतं पाणी शोषून पडत नाहीत, बोटाची नस तुटली असेल तर पडत नाहीत. म्हणजे शरीर मुद्दाम पाडतं. न्यूकॅसलला २०१३ साली बघितलं तर सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलल्या जातात.

शंकासुर

आणि २०१४ ला दुसऱ्यांनी तोच प्रयोग केला तर काही फरक दिसला नाही. हेही सांगा.

स्पॅनर_१३

भांडू नका, मी दोन्ही करून बघतो. फक्त कॅशियरच्या टोपीला सुरकुत्या कशा पाडायच्या?

कावेरी२

एक आठवडा आमच्याकडे भांडी घासायला पाठवा.